पुडीबरोबरचे दोन शब्द

एखादी पीडा आपोआप टळली म्हणजे “औषधावांचून खोकला गेला” असें आपण म्हणतों. म्हण मोठी आनंदी आहे, आणि साध्या पडशा-खोकल्याच्या बाबतींत ती अक्षरशः खरीहि आहे. परंतु एक खोकला असा आहे कीं, तो औषधावांचून सहसा जात नाहीं; इतकेंच नव्हे, तर औषधानें तो गेला म्हणजेच खरी भीति सुरू होते. क्षयाच्या रोग्यास योग्य औषध चालू झालें कीं, कांहीं आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, तोंडाला चव येते, अंगावर थोडें मांस दिसूं लागतें. रोगी म्हणतो, “आतां बरें आहे,” आणि घरचीं माणसें म्हणतात, “मग आतां कशाला त्या गोळ्या?” जंतु मात्र फुप्फुसाच्या कोपऱ्यांत अजून दबा धरून बसलेले असतात. अशा वेळीं औषध सोडलें तर ते पुन्हां उठतात, आणि पुष्कळदां पूर्वींच्या औषधास न जुमानणारे होऊन उठतात. म्हणजे या रोगांत बरें वाटणें आणि बरें होणें यांत चारपांच महिन्यांचें अंतर असतें. हें अंतर रोग्यानेंच चालावयाचें असतें. त्या वाटेवर त्याच्या सोबतीस कोण असतें, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

कोणी म्हणेल, डॉक्टर असतात. असतात खरे; परंतु त्यांची व रोग्याची गांठ महिन्याकांठीं एखादे वेळीं, आणि तीहि बाहेर पन्नास माणसें तिष्ठत असतांना. रोग ओळखणें आणि औषध ठरविणें हें त्यांचें काम, व तें ते करितात. पण डॉक्टरांची चिठ्ठी हातांत घेऊन रोगी बाहेर पडला म्हणजे ज्या मनुष्यासमोर तो प्रथम उभा राहतो, तो औषध देणारा. सरकारी दवाखान्यांत तो खिडकीच्या आड असतो, व त्यास औषधनिर्माण अधिकारी असें भारदस्त नांव आहे. बाजारांत तो काउंटरमागें असतो, व आमच्या वणीकडे त्यास ‘मेडिकलवाले भाऊ’ म्हणतात. पूर्वींचा कंपाउंडर कागदाची पुडी बांधून देई. आतां तयार पाकिटें येतात. परंतु पुडी गेली तरी ती देणारा हात गेलेला नाहीं. औषध त्याच्या हातून रोग्याच्या हातीं जातें, आणि नेमक्या त्या क्षणीं रोग्याच्या मनांतले प्रश्न ओठांवर आलेले असतात. डॉक्टरांसमोर ज्यास तोंड उघडण्याचा धीर झाला नाहीं, तो येथें हळूच विचारतो, “भाऊ, हे गोळी जेवणाच्या पयले घ्याची का मंग?” या प्रश्नास उत्तर मिळतें कीं नाहीं, आणि मिळतें तें कशा स्वरांत मिळतें, यावर त्या घरचे पुढचे सहा महिने पुष्कळ अंशीं अवलंबून असतात, असें आमचें मत हळूहळू बनत गेलें आहे.

तें मत बनण्यास आमचा गांवच कारण झाला. वणी हें यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्याचें ठिकाण. जवळून निर्गुडा नदी वाहते, आणि थोडें पुढें गेलें कीं वर्धेपलीकडे चंद्रपूर जिल्हा लागतो. येथली काळी जमीन कापसाची, आणि त्याच जमिनीच्या पोटांत कोळसा. म्हणजे पांढरें सोनें वर आणि काळें सोनें खालीं. हंगामांत बाजाराकडे कापसाच्या गाड्या, बारमाही रस्त्यावर कोळशाचे ट्रक, आणि जवळच राजूरला चुन्याच्या भट्ट्या. सोनें दोन रंगांचें असलें तरी धूळ मात्र सर्वांच्या छातींत सारखीच जाते. धूळ स्वतः क्षय उत्पन्न करीत नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. क्षय होतो तो जंतूंनीं, आणि जंतु येतात ते दुसऱ्या माणसाच्या श्वासांतून. परंतु दगडाच्या बारीक धुळीनें जर्जर झालेलें फुप्फुस, अर्धपोटीं राहिलेलें शरीर, विडी, दारू, आणि एका कोंदट खोलींत निजणारीं सहासात माणसें इतकी तयारी असली म्हणजे या पाहुण्यास आमंत्रण धाडावें लागत नाहीं. खाणींवर व भट्ट्यांवर कामासाठीं दूरदूरच्या प्रांतांतून आलेले मजूर, मारेगांव व झरी-जामणीकडच्या पोडांवरून बाजारास येणारे कोलाम बांधव, आणि आमच्यासारखीं पांढरपेशीं कुटुंबें, या सर्वांची गांठ औषधांच्या दुकानाच्या एकाच फळीपाशीं पडते. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा आपल्या देशांत आहे; तेव्हां ही फळी कांहीं केवळ वणीची नव्हे.

या रोगाचा इतिहास आठवला म्हणजे आजच्या औषधाचें मोल कळतें. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म याच वणींत २९ ऑगस्ट १८८० रोजीं झाला. ते अजून दोन वर्षांचेहि झाले नव्हते, तोंच २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें. परंतु शत्रूचें नांव कळलें म्हणून हातीं शस्त्र येतेंच असें नाहीं. पुढें पांच वर्षांनीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, अमेरिकेंतून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी याच रोगानें पुण्यास वारल्या. स्वतः डॉक्टर असूनहि त्यांस देण्याजोगें औषध जगांत कोणाजवळहि नव्हतें. त्यानंतर दोन पिढ्या ज्यांस परवडे ते पांचगणीस किंवा मिरजेस आरोग्यधामांत जात, आणि ज्यांस परवडत नसे ते घरच्या ओसरीवर पडून राहत. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसीन सांपडलें, १९५२ सालीं आयसोनियाझिड वापरांत आलें, आणि मग पारडें फिरलें.

तथापि आमच्या विषयाच्या दृष्टीनें याहूनहि महत्त्वाची गोष्ट मद्रासेस घडली. तेथें १९५६ सालीं एका प्रयोगास आरंभ झाला. गरीब वस्तींतील दोनशेंच्या आसपास रोगी घेऊन त्यांपैकीं निम्म्यांस आरोग्यधामांत ठेविलें, आणि निम्म्यांस त्यांच्या त्यांच्या घरींच राहूं देऊन औषध दिलें. एकीकडे विश्रांति, सकस अन्न व परिचारिका. दुसरीकडे गर्दी, अपुरें जेवण आणि पोटापाण्याची दगदग. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा कीं, वर्षभराच्या औषधानंतर दोन्ही गटांस आलेला गुण जवळजवळ सारखाच होता. आणि घरीं राहिलेल्या रोग्यांमुळें घरच्या माणसांस अधिक बाधा झाली असेंहि दिसलें नाहीं. या एका प्रयोगानें साऱ्या जगाचें क्षयाविषयींचें धोरण बदललें. रोगी डोंगरावरून घरीं आला. ही फार मोठी मुक्तता होती. परंतु आरोग्यधामांत औषधाखेरीज आणखीहि एक गोष्ट होती. वेळेवर गोळी हातावर ठेवणारी, आणि “घाबरूं नका, हें असें व्हावयाचेंच” म्हणून सांगणारी परिचारिका तेथें होती. मद्रासच्या प्रयोगांत घरच्या रोग्यांकडेहि माणसें वरचेवर जात असत. पुढें देशभर औषध जितकें पोहोंचलें तितकें हें जाणें-येणें पोहोंचलें नाहीं. १९६२ पासून सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू झाला. १९९७ पासून डॉट्सची पद्धति आली व रोग्यास कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळी गिळावयास लावण्याची योजना झाली. तिचा उपयोग झाला, हें नाकबूल करतां येणार नाहीं. पण गोळी गिळतांना पाहणें ही एक गोष्ट, आणि ती कां गिळावयाची हें पटवून देणें ही दुसरी गोष्ट. पहिलीस डोळे पुरतात. दुसरीस जीभ लागते, आणि थोडें काळीज लागतें.

आमच्या एका स्नेह्याचें गांवांत औषधांचें दुकान आहे. संध्याकाळीं फिरून येतांना तेथें घटकाभर टेकण्याची आमची फार दिवसांची संवय. एके दिवशीं चुन्याच्या भट्टीवरचा एक तरुण मजूर तेथें आला. त्याचें औषध सरकारी दवाखान्यांतून फुकट मिळत होतें. येथें तो आला होता तो निराळ्याच कारणानें. बराच वेळ घुटमळून, गिऱ्हाइकें पांगल्यावर तो पुढें झाला आणि दबलेल्या आवाजांत म्हणाला, “भाऊ, लघवीतून रगत जाऊन रायलं. त्या गोळ्यायनं आतडं जळलं असन.” भयानें त्यानें दोन दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या. आमच्या स्नेह्यानें त्यास आंत बोलाविलें, स्टुलावर बसविलें, आणि म्हटलें, “रगत नाही रे बापू, रंग होय तो.” मग त्यानें सांगितलें कीं, या गोळ्यांत रिफाम्पिसीन नांवाचें जें औषध असतें त्याचा रंगच विटेसारखा लाल, तें पोटांत गेलें म्हणजे लघवी, घाम, कधीं कधीं डोळ्यांतलें पाणीसुद्धां नारिंगी दिसतें. त्यांत अपाय कांहीं नाहीं. उलट औषध अंगांत उतरल्याची ती खूण आहे. त्यानंतर त्यानें प्रश्न विचारले. डोळे पिवळे दिसतात काय? सारखी ओकारी होते काय? नजर अंधुक झाली काय? पायांस मुंग्या येतात काय? यांपैकीं कांहीं नाहीं असें पाहून त्यानें दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यास फोन केला, दोन दिवस चुकल्याचें कळविलें, आणि उद्यां सकाळीं त्यास पाठवितों म्हणून सांगितलें. या सर्वांस दहा मिनिटेंहि लागलीं नसतील. विक्री एका पैशाचीहि झाली नाहीं. पण तो मजूर पायरी उतरला तेव्हां त्याची चाल निराळी होती. पुढें पुष्कळ दिवस तो दुकानावरून जातांना हात वर करून जाई, आणि आमचे स्नेही हातानेंच विचारीत, “गोळी घेतली ना?”

याच्या उलट प्रकारहि आम्हांस ठाऊक आहे. आमच्या परिचयांतील एका घरीं एका सुनेस हाच रोग झाला. ते लोक दुसऱ्या गांवचे; औषध बाजारांतल्या एका दुकानांतून येई. दुकानाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण अशीं दुकानें पुष्कळ आहेत. तेथें दर महिन्यास पाकिटें मिळत, पैसे घेतले जात, आणि पिशवी हातीं दिली जाई. दोन्ही बाजूंनीं एक अक्षर बोललें जात नसे. तिसऱ्या महिन्यांत तिचे सांधे दुखूं लागले, तळपायांस मुंग्या येऊं लागल्या. पायऱ्याझिनामाइडनें सांधे दुखूं शकतात, आयसोनियाझिडनें मुंग्या येऊं शकतात, आणि एका साध्या जीवनसत्त्वाच्या गोळीनें त्या बहुधा आंवरतात, हें त्या घरांत कोणास ठाऊक नव्हतें. औषध उष्ण पडलें असा सर्वांनीं निर्णय केला, आणि खोकलाहि थांबलाच होता. औषध सुटलें. आठ महिन्यांनीं रोग परतला तो हट्टी होऊन परतला. पुढचे उपचार दीड वर्ष चालले. ती आज बरी आहे. परंतु त्या दीड वर्षांत तिची तीन वर्षांची मुलगी आजोळीं वाढली, आणि परत आली तेव्हां आईच्या कुशींत शिरावयास तिनें बरेच दिवस घेतले. हा तोटा कोणत्याहि दवाखान्याच्या वहींत नोंदलेला नाहीं.

येथें आमच्या प्रतिपादनाचा गाभा येतो. रोग गेला कीं नाहीं, हें थुंकीच्या तपासणीवरून व वजनाच्या कांट्यावरून समजतें. माणूस पुन्हां जगूं लागला कीं नाहीं, हें त्यावरून समजत नाहीं. अलीकडे वैद्यकासहि ही गोष्ट पटली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें जगण्याची प्रत मोजण्यासाठीं सव्वीस प्रश्नांची एक लहानशी प्रश्नावलि तयार केली आहे. शरीर, मन, माणसांचे परस्परसंबंध आणि भोंवतालची परिस्थिति असे तिचे चार भाग आहेत. झोंप लागते काय, कामास उमेद आहे काय, स्वतःविषयीं समाधान आहे काय, जवळच्या माणसांचा आधार वाटतो काय, अशा धर्तीचे ते प्रश्न. क्षयरोग्यांची अशा प्रश्नांनीं पाहणी केली असतां पुष्कळ ठिकाणीं असें दिसून आलें आहे कीं, शरीर सुधारतें तसें मन आपोआप सुधारत नाहीं. आणि औषध देणाऱ्यानें वेळोवेळीं नीट समजावून सांगितलें तर औषध घेण्यांत खंड कमी पडतो व जगण्याची प्रतहि वाढते. आम्हांस यांत नवल वाटत नाहीं. आपल्या भाषेंत ‘समजूत’ हा शब्दच असा आहे कीं, त्यांत ज्ञान आणि सांत्वन दोन्हीं एकत्र नांदतात. मुलाची समजूत घालणें म्हणजे त्यास कांहीं तरी कळविणें आणि त्याचे डोळे पुसणें. ज्यास नुसता ‘सल्ला’ म्हणतात त्यांत पहिला अर्धा भाग येतो. दुसरा अर्धा राहून जातो. रोग्यास दोन्हीं लागतात.

ही समजूत खेड्यांतल्या अडाणी माणसासच हवी, असा आम्हां सुशिक्षितांचा एक गोड भ्रम असतो. तो दूर करणें अवश्य आहे. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांस हा रोग झाला, तेव्हां त्यांच्या घरीं वर्तमानपत्रें तीन येत होतीं आणि पदवीधर चार होते. पहिल्याच दिवशीं त्यांचें ताट, तांब्या, अंथरूण वेगळें झालें. नातवास माडीवर जाण्याची बंदी झाली. धाकट्या मुलीचें लग्न ठरावयाचें होतें, म्हणून औषध वणींत न घेतां नागपुराहून मागविलें जाऊं लागलें. गृहस्थ दिवसेंदिवस अबोल होत गेले. औषधाचा गुण येत होता. माणूस मात्र वाळत होता. एकदां नागपूरचें पार्सल वेळेवर न आल्यामुळें नाइलाजानें त्यांचा मुलगा आमच्या स्नेह्याच्या दुकानीं आला. स्नेह्यानें औषध दिलें, नियमाप्रमाणें नोंद केली, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं, दुकान मोकळें असतांना, गृहस्थांस स्वतः बोलावून घेतलें. “काकाजी,” तो म्हणाला, “रोग ताटावाटीनं पसरत नाही, कपड्यानं पसरत नाही. तो पसरतो खोकल्यातून, हवेतून. तुमचं औषध नीट चालू आहे, अन् थुंकीतले जंतू गेले आहेत. खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरा, अन् रात्री सगळ्यांसोबत जेवा.” हीच वाक्यें डॉक्टरांनींहि पूर्वीं उच्चारलीं असतील, पण त्या वेळीं ऐकणाऱ्याच्या कानांत ‘क्षय’ या एका शब्दाखेरीज कांहीं शिरत नव्हतें. त्या आठवड्यांत ते गृहस्थ खालीं पंगतींत येऊन बसले. नातवानें त्यांच्या ताटांतली पोळी उचलली तेव्हां सुनेचा हात क्षणभर पुढें आला, आणि मागें गेला. आमच्या मतें त्या घरांतला रोग त्या क्षणीं बरा झाला. काकाजींच्या फुप्फुसांतला रोग त्यानंतर तीन महिन्यांनीं बरा झाला.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, दुकानदार हा व्यापारी. त्यानें बोलत बसावें अशी अपेक्षा कां करावी? उत्तर असें कीं, औषध ही इतर मालासारखी वस्तु नव्हे, हें कायद्यानेंच मान्य केलें आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानें या धंद्यास शिक्षणाची व नोंदणीची अट घातली. २०१५ च्या व्यवसाय-नियमांत रोग्यास समजावून सांगणें हें औषधतज्ज्ञाच्या कर्तव्यांत स्पष्टपणें घातलें. १ मार्च २०१४ पासून क्षयाच्या औषधांची विक्री वेगळ्या वहींत लिहून ठेवावी लागते, आणि २०१८ पासून अशा रोग्याची माहिती सरकारास कळविणें दुकानदारावरहि बंधनकारक झालें. कायद्यानें त्यास लिहावयास लाविलें. बोलावयास मात्र कोणताहि कायदा लावूं शकत नाहीं. आणि जेथें पदविकेचा कागद भिंतीवर व पदविकाधारी दुसऱ्याच गांवीं असा व्यवहार असतो, तेथें तर बोलणारा मुळांतच जाग्यावर नसतो. ही उघड गोष्ट आहे, आणि तिच्याकडे गिऱ्हाइकांनींहि डोळेझांक करूं नये. दुसरा आक्षेप वेळेचा. त्यास आमचा अनुभव हेंच उत्तर आहे. प्रत्येक रोग्यास प्रत्येक वेळीं दहा मिनिटें लागत नाहींत. पहिल्या वेळीं दहा लागतात, पुढें दोन पुरतात. तिसरा आक्षेप अधिक सबळ आहे. काउंटर ही चव्हाट्याची जागा. तेथें या रोगाचें नांव कसें घ्यावें? यास उपाय म्हणजे आंतलें एक स्टूल आणि हळू आवाज. मुंबईंत २००६ च्या सुमारास औषधतज्ज्ञांच्या संघटनेनें कांहीं खासगी दुकानदारांस शिकवून या कामास जोडलें, आणि दुकानदार मनावर घेतील तर रोग्याचे सोबती होऊं शकतात, हें दाखवून दिलें. मुंबईच्या गर्दींत जें साधलें तें वणीस साधूं नये असें कांहीं नाहीं.

शिवाय औषधांचा दुकानदार केवळ उपचाराच्या वाटेवर भेटतो असें नाहीं. तो वाटेच्या तोंडाशींच उभा असतो. खोकला आला कीं आपण प्रथम कोठें जातों? दुकानीं जातों, आणि खोकल्याची बाटली मागतों. पहिली बाटली देणें ठीक. पण दोन आठवडे उलटून तोच मनुष्य पुन्हां तीच बाटली मागूं लागला, तर त्यास “आतां बाटली नको, सरकारी दवाखान्यांत थुंकी तपासून घ्या, पैसे लागत नाहींत” असें सांगणारा दुकानदार एका बाटलीचा नफा गमावतो आणि एक घर वांचवितो. त्याचप्रमाणें, गर्भनिरोधक गोळ्यांचा किंवा मधुमेहाच्या कांहीं औषधांचा परिणाम रिफाम्पिसीनमुळें कमी होतो. आम्लपित्ताचें औषध त्याच वेळीं घेतलें तर क्षयाची गोळी नीट भिनत नाहीं. एथाम्ब्युटॉल चालू असतां लाल-हिरवा रंग ओळखतां येईनासा झाला तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावें. या गोष्टी त्यास ठाऊक असतात, आणि रोगी कोणकोणतीं औषधें घेतो हेंहि पुष्कळदां एकट्या त्यासच ठाऊक असतें.

परंतु शब्दाचा महिमा गातांना शब्दानें पोट भरत नाहीं, याचा विसर पडूं देतां कामा नये. झारखंडांतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. रोग्यांच्या घरच्या माणसांस पुरेसा शिधा दिला असतां त्यांस क्षय होण्याचें प्रमाण सुमारें चाळीस टक्क्यांनीं घटलें, असें त्यांत दिसून आलें. सरकार २०१८ पासून रोग्यास आहारासाठीं दरमहा पांचशें रुपये देत असे; नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. बुडालेल्या मजुरीपुढें ही रक्कम थोडीच. पण ती आपणांस मिळावयाची आहे हेंहि पुष्कळ रोग्यांस कोणी तरी सांगावें लागतें. शिवाय दवाखान्यांतला साठाच संपला तर कितीहि गोड बोलणारा औषधतज्ज्ञ रिकाम्या हातानें काय देणार? म्हणून सरकारचें कर्तव्य सरकारकडे राहिलेंच पाहिजे. दुकानदाराच्या सौजन्याची चादर त्यावर घालूं नये. आणखी एक सावधगिरी हवी. समजावणें आणि दटावणें यांतली रेषा फार बारीक आहे. “दारू सोडली नाहीस तर मरशील” असें ओरडणारा मनुष्य रोग्यास औषधापासूनच दूर लोटतो. “दारूनं अन् या गोळ्यांनं मिळून काळजावर ताण येतो, तेवढे सहा महिने सांभाळ” असें म्हणणारा त्यास जवळ ओढतो. माहिती दोन्हींत एकच आहे.

मग आपण, म्हणजे हें मासिक वाचणाऱ्या कुटुंबांनीं, काय करावें? आमच्या मतें तीन साध्या गोष्टी आहेत. आपल्या घरीं, किंवा आपल्याकडे कामास येणाऱ्या बाईच्या घरीं, हा रोग निघाला तर औषध आणावयास रोग्याबरोबर स्वतः जावें, नोकरास पाठवूं नये. औषध देणाऱ्यास विचारावें. आपण विचारतों असें दिसलें म्हणजे तोहि सांगूं लागतो, कारण न विचारणाऱ्या गिऱ्हाइकांनींच त्यास मुका केलें आहे. आणि रोग्याचें ताट वेगळें करण्यापूर्वीं घराच्या खिडक्या उघडाव्या. सहा महिने म्हणजे एकशें ऐंशी दिवस, आणि रोज एकदां गोळ्यांचें पाकीट फोडावयाचें. त्यांतले दोनचार दिवस डॉक्टरांचे, दहावीस दिवस दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांचे. बाकीचे सर्व दिवस रोग्याचे आणि त्याच्या भोंवतालच्या माणसांचे. आमच्या स्नेह्याच्या दुकानांतलें तें लांकडी स्टूल आतां बरेंच डुगडुगतें, म्हणून त्यानें परवां नवें करावयास टाकलें. सुतारास त्यानें एवढेंच सांगितलें कीं, पाय थोडे बुटके ठेवा. बसणाऱ्याची व आपली नजर एका पातळीवर यावी.